दुसऱ्या इंजिनाचा भरवसा

एकापेक्षा दोन बरी, ही समजूत विमानांच्या बाबतीत फार जुनी आहे, आणि नाशिक जिल्ह्यात तिला रुजायला सबळ कारण मिळाले. १९६२ साली सोव्हिएत रशियाशी मिग-२१ बांधण्याचा करार झाला. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये ते नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि १९६४ मध्ये आग्रा रोडवरच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. तेव्हापासून कित्येक वर्षे निफाड तालुक्याच्या आकाशात घुमणारे लढाऊ विमान एकाच इंजिनाचे होते. मिग-२१ च्या मागून मिग-२७ आले, तेही एकाच इंजिनाचे. देशात कुठे मिग पडल्याची बातमी आली की अपघाताचे कारण कळण्याआधीच ‘एकच इंजिन, दुसरे काय होणार’ हा निष्कर्ष निघे. पक्ष्याची धडक, उतरतानाचा भयंकर वेग, वैमानिकाची चूक या इतर कारणांकडे कोणी फारसे वळत नसे. म्हणून २००० साली करार होऊन २००४ पासून ओझरला सुखोई-३० एमकेआय बांधले जाऊ लागले, आणि शेजारच्या हवाई दलाच्या अकरा क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत मिग-२९ ची कामे तर आधीपासून चालूच होती, तेव्हा दोन इंजिनांचे विमान म्हणजे सुटकेचा निःश्वास, असे वाटणे स्वाभाविक होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने उड्डाण केले, आणि तेजस पुन्हा एका इंजिनाचे आहे. दोन इंजिने ही जर प्रगतीची पुढची पायरी असती तर हा उलटा प्रवास कोणी केला नसता.

हा लेख मात्र मोठ्या विमानांबद्दल थोडा आणि त्यांच्या छोट्या भावंडांबद्दल जास्त आहे. रेडिओवर उडणारी, दोन इंजिनांची मॉडेल विमाने पूर्वी मोजक्या हौशी लोकांच्या हातात होती. आता थर्मोकोलच्या पंखांवर दोन मोटरी बसवून ती कॉलेजच्या मुलांनाही बांधता येतात. त्या मुलांच्या मनातही ओझरचीच समजूत असते: एक बंद पडली तर दुसरी आहेच. माझे म्हणणे असे की उड्डाणाचा सारा इतिहास या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. दुसरे इंजिन आपणहून सुरक्षितता देत नाही. एक इंजिन बंद पडणार हे गृहीत धरून विमान बांधले, उडवणाऱ्याने तसा हात बसवला आणि जागाही तशी निवडली, तरच ते उपयोगी पडते. एरवी ते एका इंजिनाच्या विमानापेक्षा अधिक घातक ठरते. मॉडेलच्या बाबतीत तर हे मोठ्या विमानापेक्षाही जास्त खरे आहे.

हिशोब साधा आहे. दोनपैकी एखादे इंजिन बंद पडण्याची शक्यता एकच इंजिन असताना असते त्याच्या जवळपास दुप्पट. तेव्हा दोन इंजिने घेणाऱ्याने आधी बिघाडाची शक्यता दुप्पट करून घेतलेली असते, आणि त्या बदल्यात उरलेल्या इंजिनावर परत येता येईल ही आशा विकत घेतलेली असते. आशा खरी ठरली तर सौदा फायद्याचा. मोठ्या विमानांच्या जगाने हे लवकर ओळखले. १९५३ मध्ये अमेरिकेने दोन इंजिनांच्या प्रवासी विमानांवर बंधन घातले: एका इंजिनावर साठ मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत कायम हाताशी हवा. ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांपर्यंत वाढली, तीसुद्धा इंजिनांचा भरवसा आकड्यांनी सिद्ध झाल्यावर. या नियमाची रचनाच बोलकी आहे. दोन इंजिने चालू असताना विमान किती लांब जाते हे त्याने विचारलेच नाही. एक बंद असताना ते किती वेळ हवेत राहील, एवढेच विचारले. दोन इंजिनांच्या विमानाची खरी व्याख्या मला यातच दिसते.

सुरुवातीच्या बांधणाऱ्यांनाही हे कळत होते. १९११ मध्ये इंग्लंडच्या शॉर्ट बंधूंनी दोन इंजिनांचे विमान उडवले तेव्हा दोन्ही इंजिने त्यांनी विमानाच्या मध्यरेषेवर ठेवली, एक पुढे आणि एक मागे. एक थांबले तर ओढ कमी व्हावी पण वाकडी होऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढे वेगाच्या आणि वजनाच्या मागणीपुढे इंजिने पंखांवर दूर सरकली आणि तिथूनच दुखणे सुरू झाले. ब्रिटनचे पहिले लढाऊ जेट विमान ग्लॉस्टर मिटिओर याची इंजिने पंखांत, एकमेकांपासून बरीच लांब होती. एका इंजिनावर उतरण्याचा सराव म्हणून वैमानिक मुद्दाम एक इंजिन बंद करत, आणि त्या सरावातच इतके अपघात झाले की खरोखर बंद पडलेल्या इंजिनांनी तेवढे झाले नसतील. ब्रिटिश हवाई दलाने आठशेहून अधिक मिटिओर गमावली. सगळी यामुळे नव्हेत, पण हा धडा त्याच आकड्यांतून निघाला. याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला बांधलेले आणि १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेले मारुत हे लढाऊ विमान. त्याची दोन ऑर्फियस इंजिने धडात एकमेकांना खेटून बसवलेली होती. १९७१ च्या युद्धात किमान तीनदा जमिनीवरच्या माऱ्याने एक इंजिन निकामी झालेले मारुत दुसऱ्यावर तळावर परतले. इंजिनांची संख्या दोन्हीकडे सारखीच, फरक पडला तो त्यांच्यातल्या अंतराने. सुखोईचीही इंजिने धडालाच धरून आहेत, आणि मागे दोन मोठ्या उभ्या शेपट्या आहेत. तरीही जून २०१८ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये निफाड तालुक्यात सुखोई शेतात पडले. दोन्ही वेळा वैमानिक सुखरूप बाहेर पडले. त्या अपघातांच्या कारणांत मला शिरायचे नाही. दोन इंजिने म्हणजे न पडणारे विमान, ही कल्पना निफाडच्या शेतकऱ्याला तरी सांगता येणार नाही, एवढेच म्हणायचे आहे.

आता मॉडेलकडे. विमानाच्या आठवणींत मराठी माणूस हमखास शिवकर बापूजी तळपद्यांपाशी थांबतो. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवले अशी ही कथा आहे आणि कथेतले विमान माणसाविनाच उडते, म्हणजे ती खरी असली तरी ती एका मॉडेलची कथा ठरते. पुरावा मात्र हाती लागत नाही, आणि ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाशी ती जोडली जाते त्यातली विमाने उडणे शक्य नाही हे १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवून दिले. मॉडेलांचा खरा इतिहास वेगळ्याच धाग्याने पुढे सरकला, आणि ‘धागा’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे.

नाशिक जिल्ह्यात उडवण्याची सर्वांत जुनी हौस येवल्याची. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथे गच्च्या माणसांनी भरतात आणि बांबूच्या आसारीवरून दोर सुटत असतो. पतंग उडवणाऱ्याला पतंग दिसला नाही तरी चालते, कारण तो कुठे झुकतोय, वारा कुठे मरतोय हे बोटाला दोरातून कळते. मॉडेल विमानांच्या दुनियेतही आधी दोर होता. १९५० मध्ये मुंबई आणि कोलकात्याला एनसीसीच्या हवाई शाखेचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. त्या शाखेत पुढे एरोमॉडेलिंग हा शिक्षणाचा भाग झाला, आणि स्पर्धांत स्टॅटिक, कंट्रोल लाइन व रेडिओ कंट्रोल असे प्रकार आले. कंट्रोल लाइन म्हणजे दोन तारांना बांधलेले विमान, उडवणाऱ्याभोवती गोल फिरणारे. त्यात हाताला ओढ जाणवते, आणि म्हणूनच दोन इंजिनांची अडचण तिथे सर्वांत आधी ध्यानात आली. आतल्या बाजूचे, म्हणजे उडवणाऱ्याकडचे, इंजिन बंद पडताच बाहेरचे इंजिन नाक आत वळवते, तारा ढिल्या पडतात आणि ताबा जातो. बाहेरचे इंजिन आधी थांबले तर नाक बाहेर ढकलले जाते, तारा ताणलेल्या राहतात, विमान फेरी पुरी करते. तेव्हा जाणती माणसे आतल्या इंजिनाला थोडे जास्त इंधन देत, जेणेकरून थांबायचेच असेल तर बाहेरचे आधी थांबावे. ‘कोणते इंजिन बंद पडणार’ हा प्रश्न नशिबावर न सोडता टाकीच्या मापाने ठरवून टाकण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आज दोन इंजिनांचे मॉडेल बांधणाऱ्यांनी तिच्यामागची वृत्ती उचलली तरी पुष्कळ होईल.

रेडिओने ही तार तोडली. १९३५ मध्ये ब्रिटनने तोफखान्याच्या सरावासाठी क्वीन बी हे रेडिओवरचे लक्ष्यविमान उडवले. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांचे ‘गफ’ रेडिओवर उडाले आणि हौशी उड्डाणाची वाट खुली झाली. विमान स्वतंत्र झाले, पण उडवणाऱ्याच्या बोटातली जाणीव गेली. इथे मोठ्या विमानाच्या वैमानिकापेक्षा मॉडेल उडवणारा फार दुबळा ठरतो. कॉकपिटमधल्या माणसाला इंजिन गेल्याची पहिली खबर पाठीच्या खालून लागते: आसन बाजूला सरकल्यासारखे होते, पायाखालचे रडर पेडल जड होते, समोरचा काटा पडतो. मॉडेल उडवणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. दीडशे मीटरवर एक काळी आकृती असते आणि ती थोडी वळली तर ती वाऱ्याने वळली की इंजिन गेले म्हणून, हे ठरवायला त्याच्याकडे एक-दोन सेकंद असतात. दोन इंजिने चालताना आवाजाच्या चढउताराची एक लय ऐकू येते. ती थांबली तर एक इंजिन गेले, हा अनुभवी कानाचा आधार, पण वारा उलटा असेल तर तोही नाही. शिवाय विमान आपल्याकडे येत असेल तर डावे-उजवे उलटते. घाईत चुकीच्या बाजूला रडर दिले की जे इंजिन मेले त्याच बाजूला विमान अजून वळते.

त्या दोन सेकंदांत हवेत काय घडते हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सुरक्षिततेची प्रत्येक सूचना तिथूनच निघते. डावे इंजिन थांबले असे धरू. उजवे ओढत राहते, नाक डावीकडे फिरते. थांबलेला प्रोपेलर हवेत आडवा येऊन अडवतो, म्हणजे तोही त्याच दिशेला हातभार लावतो. उजव्या पंखावरून प्रोपेलरची हवा वाहत असते, डाव्यावरून नाही. उजव्याची उचल जास्त, म्हणून विमान डावीकडे कलंडतेही. उडवणारा स्वभावतः काय करतो? कलंडणे थांबवण्यासाठी एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, उजवीकडे देतो. त्याने डाव्या पंखाचा एलेरॉन खाली येतो, आधीच मंद झालेल्या त्या पंखावर हवेचा कोन वाढतो, आणि पंख उचल सोडतो. मग क्षणार्धात विमान त्याच बाजूला पलटी खाऊन फिरत खाली येते. हे थांबवू शकणारी एकच गोष्ट म्हणजे उभी शेपटी आणि तिच्यावरचे रडर, आणि त्याची ताकद वेगाच्या वर्गावर अवलंबून असते: वेग निम्मा झाला की रडरची ताकद चौथाई होते. प्रोपेलरची ओढ मात्र कमी वेगालाच सर्वांत जास्त. उड्डाण घेतल्यावर, वेग कमी, थ्रॉटल पूर्ण आणि नाक वर, अशा घडीला ओढ सर्वाधिक आणि शेपटी सर्वांत दुबळी असते. मॉडेलांचे बहुतेक नाश याच घडीला होतात. मोठ्या विमानांत ज्या वेगाखाली एका इंजिनावर सरळ जाता येत नाही तो वेग मोजून वैमानिकाला दिलेला असतो. हौशी मॉडेलला तो कोणी मोजून देत नाही, पण तो वेग त्यालाही असतोच. हुबेहूब प्रतिकृतीत तर दुखणे वाढते, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटोसारख्या देखण्या विमानांची इंजिने पंखांवर दूर आणि शेपटी बेताची. तशीच लहान करून बांधली की रूप मिळते, पण ताबा कमी पडतो. जुने कारागीर शेपटी गुपचूप थोडी मोठी करत आणि इंजिनांची तोंडे किंचित बाहेर वळवत, जेणेकरून प्रत्येकाची ओढ विमानाच्या तोल-बिंदूच्या जवळून जावी.

तेव्हा बचावाची पहिली कृती कोणती? थ्रॉटल पूर्ण खाली घेणे. इंजिन गेल्यावर चालू इंजिनही काढून घ्यायचे, हे ऐकायला उलटे वाटते आणि हाताला पटत नाही. पण त्याने वाकडी ओढ एका झटक्यात संपते आणि विमान साधे ग्लायडर होते. नाक खाली, वेग राखायचा, पंख सपाट, समोर जी मोकळी जागा असेल तिथे उतरायचे. उंची पुरेशी असेल, वेग हातात असेल, तर रडर देत देत थोडे थ्रॉटल परत आणून फेरी पुरी करता येते, आणि वळायचेच असेल तर चालू इंजिनाच्या बाजूला वळणे सोपे जाते. मिथेनॉल, एरंडेल आणि नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांच्या काळात हे सगळे प्रत्येकाला माहीत असे, कारण इंजिने खरोखर बंद पडत. टाकीत बुडबुडा आला, सुई अर्धी फेरी जास्त आवळली, की एक गेले. म्हणून दोन्ही इंजिने आधी वेगवेगळी चालवायची, दोन्हींचे मिश्रण जरा जाडच ठेवायचे, फेऱ्या मोजून जुळवायच्या आणि पूर्ण थ्रॉटलवर विमानाचे नाक हातात वर धरून काही सेकंद थांबायचे. त्या अवस्थेत जे इंजिन अडखळले त्याच्यासह उडायचे नाही. यातली एकही गोष्ट कोणत्या कायद्यात लिहिलेली नव्हती. ती रीत होती, एकाने दुसऱ्याला मैदानात दाखवलेली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. आजची मॉडेले विजेवर चालतात. ब्रशलेस मोटर ना सुई मागते ना टाकी. दोन्ही मोटरी एकाच बॅटरीवर, एकाच थ्रॉटलवर. मग ग्लो इंजिनांच्या काळची भीती आता कशाला? मोटर स्वतः फार क्वचित दगा देते हे मान्यच आहे. पण बिघाड नाहीसा झाला नाही, तो सरकला. प्रॉपचा नट सैल होऊन प्रॉप उडून जातो, सोल्डरचा टाका सुटतो, वेगनियंत्रक म्हणजे ईएससी तापून थांबतो. सर्वांत फसवा प्रकार बॅटरीचा. लायपो बॅटरी उतरू लागली की तिला वाचवण्यासाठी ईएससी मोटर बंद करतो. दोन ईएससींची ही मर्यादा तंतोतंत सारखी नसली, किंवा एकात एकदम बंद करण्याची आणि दुसऱ्यात हळूहळू कमी करण्याची सोय निवडलेली असली, तर एक मोटर आधी थांबते. केव्हा? उड्डाणाच्या शेवटी, उतरण्याआधीच्या वळणावर, वेग कमी असताना. संरक्षणासाठी दिलेली सोयच वाकडी ओढ निर्माण करते. दोन्ही ईएससी एकाच जातीचे घ्यावेत, दोन्हींत हळूहळू कमी होण्याचीच सोय ठेवावी, रिसीव्हरला वीज पुरवणारी बीईसी एकाचीच वापरून दुसऱ्याची लाल तार काढून ठेवावी, आणि टायमर लावून बॅटरी त्या मर्यादेपर्यंत जाऊच देऊ नये, हे विजेच्या काळाचे शहाणपण. पूर्वी बिघाड वारंवार होई म्हणून हात तयार असे. आता तो दुर्मीळ झाला आहे, त्यामुळे हात तयार नसतो आणि दगा पूर्वीपेक्षा महाग पडतो. मिटिओरचा धडा वरवर पाहता सरावाच्या विरोधात जातो असे वाटेल. ते खरे नाही. सराव हवा, पण उंचीवर, मधल्या वेगाला, एका मोटरीचा थ्रॉटल रिमोटच्या स्विचने कमी करून, जमिनीजवळ नव्हे.

दुसरा आक्षेप तरुणांचा असतो: चार मोटरींचा ड्रोन आपोआप स्थिर राहतो ना, मग विमानात जायरो बसवला की झाले. जायरो उपयोगी आहे, माणसापेक्षा तो कितीतरी लवकर हालचाल ओळखतो. पण त्याच्या हातात असते तेच रडर आणि तेच एलेरॉन. वेग इतका कमी असेल की पूर्ण रडरही पुरत नाही, तर जायरो ते नसलेले बळ आणणार कुठून? उलट, तो कलंडणारे विमान एलेरॉनने निमूट सरळ धरून ठेवतो, उडवणाऱ्याला काही दिसत नाही, आणि ज्या घडीला पंख उचल सोडतो त्या घडीला सगळे एकदम हाताबाहेर जाते. आणि चार मोटरींच्या साध्या ड्रोनची एक मोटर गेली तर तो बहुतेक वेळा खाली पडतो. सहा किंवा आठ मोटरींच्या ड्रोनला वाचण्याची संधी असते, कारण तिथे एक मोटर जाणार हे गृहीत धरून आखणी केलेली असते. दोन्ही ईएससींना वेगवेगळा थ्रॉटल देऊन, म्हणजे जमिनीवर आणि हवेत मोटरींच्या ओढीने विमान वळवून, अनेकजण रडरची उणीव भरून काढतात. ती सोय दोन्ही मोटरी चालू असेपर्यंतच असते. ज्या दिवशी ती लागणार त्याच दिवशी ती नाहीशी होते.

तिसरा आक्षेप असा की हे खेळणे आहे, त्याला एवढा इतिहास कशाला चिकटवायचा. उत्तर आकड्यात देता येते. अडीच किलोचे विमान सेकंदाला वीस मीटर वेगाने येत असेल तर त्याची ऊर्जा पाचशे ज्यूल, म्हणजे पाच किलोचा दगड सुमारे दहा मीटर उंचीवरून पडावा तेवढी. त्याला पुढे दोन फिरते प्रॉप. जमिनीवर उभे असतानाही या दोनांचे अवधान एकापेक्षा वेगळे ठेवावे लागते. बॅटरी जोडली की दोन्ही कधीही फिरू शकतात असे धरायचे, विमान कोणीतरी मागून धरायचे, आणि एका मोटरीकडे पाहताना हात दुसरीच्या रेषेत जाऊ द्यायचा नाही. सिग्नल तुटला तर फेलसेफने दोन्ही मोटरी बंद व्हायला हव्यात. हे प्रॉप काढून आधी तपासायचे. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यापासून, आणि भारतात २००५ मध्ये तो पट्टा परवान्यातून मोकळा झाल्यापासून, एकाच्या रेडिओने दुसऱ्याचे विमान पडणे थांबले. पण रेंज तपासायची सवयही त्याबरोबर थांबत चालली आहे.

या सगळ्यात कायदा कुठे बसतो? ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मानवरहित विमानांच्या नागरी वापरावर सरसकट बंदी जाहीर केली. डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली. आणि २५ ऑगस्ट २०२१ ला आजचे ड्रोन नियम आले. त्यांत मॉडेल विमानाची स्वतंत्र व्याख्या आहे: पंचवीस किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठीचे आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले आहेत. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत मोकळीक. त्याच्या आत परवानगी किंवा मनाई. हे नियम वजन विचारतात, उंची विचारतात, जागा विचारतात. इंजिने किती आणि एक थांबले तर काय, हे मात्र कुठेच विचारत नाहीत. १९५३ च्या त्या अमेरिकी नियमाने जो प्रश्न मोठ्या विमानांना विचारला तो मॉडेलला कोणी विचारलेला नाही. मी यासाठी नवा नियम मागणार नाही. पंचवीस किलोच्या आत इतकी विविधता आहे की नियम कागदावरच राहील. म्हणूनच रीत जपण्याची जबाबदारी उडवणाऱ्यांच्या गटांवर येते, आणि गट जमायचे तर जागा लागते. नाशिकची खरी अडचण तिथे आहे.

एका बाजूला ओझरची धावपट्टी, २०१४ पासून तिथेच नागरी टर्मिनल. दुसऱ्या बाजूला गांधीनगरचा तळ, जिथे २००३ पासून लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. दक्षिणेला देवळालीचे तोफखाना केंद्र. शिवाय नाशिकरोडचे नोटा छापणारे मुद्रणालय. २०२२ मध्ये गांधीनगरच्या तळावर अनोळखी ड्रोन दिसल्यावर पोलिसांची नजर आणखी कडक झाली, आणि ते चूक होते असे म्हणता येत नाही. देशात विमानांशी एवढा संबंध असलेली शहरे थोडी. तिथल्याच मुलांना मॉडेल उडवायला जागा नाही, ही तक्रार ऐकायला रास्त वाटते. पण नीट पाहिले तर ती अर्धीच रास्त आहे. समजा बंधने नसती, तरी ओझर-पिंपळगावच्या बाजूला दोन इंजिनांचे मॉडेल उडवणे शहाणपणाचे ठरले नसते, कारण तिथे द्राक्षबागा आहेत: लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, दाट मांडव आणि खाली काम करणारी माणसे. इंजिन गेल्यावर ‘समोर उतरा’ ही सूचना पाळायला समोर जागा हवी, आणि बागायती मुलखात समोर कुणाचे तरी वर्षभराचे पीक असते. एका इंजिनाचे मॉडेल इंजिन गेल्यावर निदान सरळ तरी येते. दोन इंजिनांचे कुठल्या बाजूला वळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्याला धावपट्टीच्या दोन्ही अंगांना मोकळे रान लागते, आणि बघ्यांना उडवणाऱ्याच्या मागे, एकाच बाजूला उभे करावे लागते.

असे रान जिल्ह्यात आहे, पण पूर्वेला. सिन्नरचा पूर्व भाग आणि येवल्याच्या बाजूची कोरडवाहू जमीन खरिपाचे पीक निघाल्यावर महिनोन्महिने मोकळी असते. त्यातही सिन्नरच्या पूर्वेला जाताना २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ काकडीला सुरू झाला आहे हे विसरता येत नाही. तेव्हा ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर आधी जागा बघायची, शेताच्या मालकाची संमती घ्यायची आणि विजेच्या तारांपासून लांब राहायचे. येवल्याला जायचे तर संक्रांतीचे तीन दिवस मात्र टाळायचे. तेव्हा हवेत दोर असतो, आणि प्रॉपमध्ये गुंडाळलेला मांजा एका मोटरीला थांबवतो, दुसरी चालूच राहते.